परत द्यायचा बैल

आमच्या घराण्यात आजवर एकच चोरी झाली, आणि तिची सगळी आखणी मी केली होती. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा म्हणून ती जबाबदारी माझ्याकडे आली, असं म्हटलं तर फारसं चुकीचं होऊ नये.

मूळ दोष सिनेमाचा. (माझाही असेल, पण आधी सिनेमाचं सांगतो.) पुण्यात मित्राच्या आग्रहाखातर मी एक इंग्रजी सिनेमा पाहिला. इंग्रजी असल्यामुळे तो मला निम्माच कळला, आणि जो कळला तो फार आवडला. त्यात एक देखणा चोर असतो. त्याला पैसा नको असतो. त्याला मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यात बसायचं असतं! म्हणून तो एखाद्या श्रीमंताची आवडती वस्तू हळूच लांबवतो, त्याला पोटभर हळहळू देतो, आणि मग 'ही आपलीच का?' म्हणत अदबीनं आणून देतो. श्रीमंत गहिवरतो. चहा येतो. ओळख वाढते. चांदीच्या मुठीच्या काठीपासून सुरुवात करून तो एका बड्या माणसाच्या मुलीपर्यंत पोचला, तेवढ्यात मला उठावं लागलं, कारण वसतिगृहाचं फाटक बंद व्हायची वेळ झाली होती.

भाताच्या लावणीसाठी रजा घेऊन मी मुळशीत घरी आलो, तेव्हा हा सिनेमा माझ्या तात्याला सांगितला. तात्या म्हणजे आबांचा सगळ्यात धाकटा भाऊ. नात्यानं चुलता, वयानं दोस्त. तो चूल फुंकायची विसरून ऐकत राहिला.

"चहा कुटं दिला त्याला? वट्यावर का आत?"

"आत. खुर्चीवर."

"खुर्चीवर!" तात्यानं डोळे मिटले. "आन मी गेनूबाबाच्या पायरीखालीच हुबा."

गेनूबाबा हे वरच्या वाडीतलं मोठं प्रस्थ. त्यांची मुलगी सोना तात्याच्या मनात होती. आमच्याकडून विचारणाही झाली होती. गेनूबाबांनी नकार दिला नाही, फक्त म्हणाले, "पोरगं बरं असंल, पर आमी वळखतो कुटं त्याला?" आता पौडाकडचं एक स्थळ बाजारच्या दिवशी सोनाला पाहायला येणार होतं. म्हणजे त्याआधी ओळख व्हायलाच हवी होती.

"त्यांचं काय हरवलं तर ते सगळ्यात जास्त हळहळतील?" मी विचारलं. (प्रश्न निव्वळ तात्त्विक होता.)

"राजा," तात्या म्हणाला. राजा म्हणजे त्यांचा पांढरा बैल. मग त्यानं डोळे उघडले. "आरं तिच्या! जमतंय की रं!"

"पण तात्या, मी शेवट पाहिलेला नाही."

"शेवट चांगलाच असनार. येवढा कोट घालून फिरतोय त्यो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताम्हिणीच्या बाजूनं धुकं उतरलं. असं धुकं, की आपलाच हात परका वाटावा. माळावर गेनूबाबांची गुरं पांढऱ्यात पांढरी विरघळली होती आणि राखणीचा म्हातारा पानांच्या इरल्याखाली डुलत होता. मी तरंगतच निघालो. मला पायाखाली चिखल नव्हे, गालिचा वाटत होता. करवंदीच्या जाळ्या म्हणजे झुंबरं. सिनेमातला चोर वाटेत टोपी काढून झुकायचा. माझ्याकडे टोपी नव्हती, तरी मी एका शेळीपुढे झुकलो.

"काय करतुयास?" तात्या कुजबुजला.

"काही नाही."

राजाच्या गळ्यातली घंटा वाजू नये म्हणून मी तिच्यात माझा कॉलेजचा रुमाल कोंबला. (ही सुधारणा माझी, सिनेमात बैल नव्हता.) राजानं शहाण्यासारखं सगळं सहन केलं आणि आमच्यामागून चालू लागला. आमच्या खालच्या रिकाम्या गोठ्यात त्याला बांधून आम्ही ओढ्याकाठी जाऊन बसलो. मालकाला हळहळायला वेळ द्यायचा होता ना!

तात्या धुक्यात पाहत म्हणाला, "खुर्चीवर बसताना धोतर कसं आवरायचं रं?"

मला ते माहीत नव्हतं. सिनेमात सगळे पाटलोणीवाले होते. मग तात्या एका धोंड्यावर बसायचा सराव करत राहिला आणि मी त्याला "अजून अदबीनं" असं सांगत राहिलो. फार सुंदर दुपार होती ती.

संध्याकाळी राजाला परत द्यायला गोठ्याशी आलो, तर गोठा रिकामा! आणि खालच्या खाचरातून आबांचा आवाज येत होता, "हो राजा, हो! वाघ माजा!"

इथं एक सांगायला हवं. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे सावड चालते. आज तुमची माणसं, तुमचे बैल आमच्या खाचरात. उद्या आमची तुमच्या. आमचा एक बैल लंगडत होता, लावणीआधीची चिखलणी अडली होती, आणि आबा चिंतेत होते. अशा वेळी स्वतःच्या गोठ्यात दुसऱ्याचा धडधाकट बैल दिसला, तर सरळ माणूस काय समजणार? मालकानं सावडीला पाठवलाय, हेच! आबांनी राजाला नमस्कार केला आणि जुंपला. राजा आता पांढरा राहिला नव्हता.

तेवढ्यात बांधावर गेनूबाबा आले. हातात काठी, मागे दोन गडी.

"आता रं?" तात्यानं माझा दंड धरला. मी त्याच्यामागे लपलो. (तो माझ्यापेक्षा बारीक होता.)

गेनूबाबांनी तोंड उघडायच्या आतच आबा ओरडले, "या गेनूबाबा, या! न सांगता बैल धाडलात! लई मोठं मन तुमचं!" शेजारच्या खाचरांतल्या बायका कंबर सरळ करून पाहू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "देवमानूस गं बाई!"

गेनूबाबांची काठी हळूहळू खाली आली. ते एकदा बैलाकडे, एकदा बायकांकडे पाहत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "व्हय... म्हटलं, तुमची चिखलनी ऱ्हायली असंल."

मी सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात ते राजाजवळ गेले. "घंटा का वाजंना ह्याची?" त्यांनी आत बोट घातलं आणि माझा रुमाल बाहेर काढला. पांढराशुभ्र, कोपऱ्यात माझ्या नावाचं आद्याक्षर. वाडीत रुमाल बाळगणारा मी एकटाच होतो. गेनूबाबांनी माझ्याकडे पाहिलं, रुमालाची घडी घातली आणि ती कमरेला खोचली.

"आबा, उद्या आमच्यात लावन हाय. सावड फेडायला ह्यो शिकलेला धाडा."

"मी येतो की!" तात्या पुढे झाला.

"तू नगं. ह्योच."

त्यांची लावणी संपेपर्यंत मी त्यांच्या चिखलात ओणवा होतो. "कालेजवालं, मुळं खाली असत्यात!" बायका ओरडायच्या. दुपारी तात्या माझी भाकरी घेऊन यायचा. पहिल्या दिवशी गेनूबाबा त्याला म्हणाले, "भिजतुयास कशाला? वर ये." दुसऱ्या दिवशी चहा झाला. त्यानंतर माझी भाकरी ओटीवरच राहू लागली, कारण तात्याला खाली उतरायला सवड मिळेना. धुक्यातून मला ती ओटी दिसायची, दोन बशा, वाफ, दारामागे सोनाच्या बांगड्यांची किणकिण. सगळं अगदी सिनेमासारखं, आणि मी सगळ्यात स्वस्त जागेवर.

पौडाकडच्या स्थळाला गेनूबाबांनी परस्पर नकाराचा निरोप पाठवला आणि स्वतः आमच्याकडे आले. "पोरगं पसंत हाय. बोलत न्हाई जास्त, पर भाकर येळंवर आनतं."

आबांचे डोळे भरून आले. त्या भरात त्यांनी विचारलं, "आन ह्याचं काय करू? पुन्याला परत धाडू, का हितंच नांगराला लावू? तुमी काम बघितलंय ह्याचं."

गेनूबाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "धाडा. शेती ह्याला जमनार न्हाई. आन चोरीमारी तर जलमात न्हाई जमायची."

आबांनी अभिमानानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल इतक्या मोठ्या माणसानं दिलेलं ते पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्रक!