खुज्या मेंढ्याचं बीज

मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण मेंढरं मला वाचता येतात. त्यावरून भावकीशी भांडलो, त्याचा आजही पस्तावा नाही.

शेंद्र्याच्या माळावर आमची मेंढरं असायची. धाकटा भाऊ चिकलठाण्याच्या कंपनीत लागला होता. "इक ही मेंढरं, दादा. तुला गेटवर राखणीला चिकटवतो," म्हणायचा. कारण दर थंडीला कोकरांना हगवण लागायची. दोन दिवसांचं कोकरू सकाळी पिवळं पाणी हगायचं, सांजेला आडवं. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत रस्तेच बंद पडले. शहरातून औषध आणणार कसं? आठवड्यात निम्मी कोकरं गेली. एका खुज्या काळ्या मेंढीचं नर कोकरू मात्र त्याच घाणीत उड्या मारत होतं. मग ध्यानात आलं, तिचं आजवर एकही मेलं नव्हतं.

आमच्यात बीजाचा मेंढा कातरणीला निवडतात. उंची बघायची, शिंगं बघायची, उरलेले नर खच्ची करायचे. त्याची आय कोण, हे कुणी इचारत नाय. मी त्या काळ्या मेंढीच्या खुज्या नराला पुढं ओढला.

चुलता हसला. "अरं, ही शिंगं हायेत का वांगी?"

"शिंगानं हगवण थांबती का, काका?"

"समदी मेंढरं खुजी करशील!"

"खुजी तर खुजी. जित्ती तर ऱ्हातील!"

आणि माघार नको म्हणून माझा उंच, बाकदार शिंगांचा मेंढा त्याच आठवड्यात विकून टाकला. चुकलो असतो, तर कंपनीचं गेट ठरलेलंच होतं.

पुढच्या थंडीत हगवण आलीच. काही कोकरं गेली, खोटं कशाला बोलू? पण ज्या मेंढ्यांची कोकरं दरसाल मरायची, त्यांचीही जगली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "काहींच्या आतड्याला तो जंतू चिकटतच नाही. आईबापाकडून येतं ते." मी म्हणालो, "साहेब, ते मी कातरणीलाच सांगितलं होतं."

तिसऱ्या वर्षी चुलता दिवस उगवायच्या आत दोर घेऊन आला. "चार दिवस दे तुझा मेंढा. कुणाला बोलू नगं."

"देतो की. पण आत्ता नाय. दुपारी या, आन् समद्या भावकीपुढून न्या."

दुपारी आला. मान खाली घालून, पण आला. त्या खुज्याचा दोर मी स्वतः त्याच्या हातात दिला.