कौशामाय चपला काढत नसे

कौशामाय माझ्या गिरणीत दळण घेऊन आली, की चपला उंबऱ्याबाहेर काढायची. पिठाच्या जागी पायताण नको, असं तिचं म्हणणं. देवळात तर काढायचीच. मात्र चौकातल्या पाण्याच्या ओट्यावर ती चपला घालूनच चढायची, आणि चढताना त्या मुद्दाम वाजवायची.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं, लोह्याकडचं. हापशाचं पाणी खारट, फ्लोराइडचं. त्यानं पोरांचे दात पिवळे पडतात. शहरातल्या एका संस्थेनं गिरणीसमोरच्या चौकात शुद्ध पाण्याचं केंद्र बांधून दिलं. खर्च अकरा लाख, पाणी फुकट. आराखडा करणारी मुलगी, अदिती, मनापासून काम करणारी होती. गुरांनी तोंड घालू नये, गटार शिरू नये म्हणून तिनं ओटा सात पायऱ्या उंच केला आणि वर पांढरी घुमटी बसवली. वास्तू खरोखर देखणी झाली. उद्घाटनाला नारळ फुटला. वर चढण्याआधी अदितीनं गावाचा मान म्हणून आपले बूट काढले. तिचं पाहून सरपंचांनी काढले, मग सगळ्यांनीच.

चपला काढून चढायची जागा म्हणजे देवाची जागा. आठवडाभरात कुणीतरी घुमटीला हळदकुंकू लावलं आणि पाळी आलेल्या बायका तिथं चढेनाशा झाल्या. कुणी हुकूम काढला नव्हता. घरात पाणी आणणारं दुसरं कुणी नसेल, तर ते चार दिवस हापशाचं पाणी प्यायचं.

कौशामायचा मुलगा पुण्याला कंपनीत. घरी ती आणि सून सविता. सविताला मुतखड्याचा त्रास. नांदेडच्या डॉक्टरनं हापशाचं पाणी बंद करायला सांगितलेलं. सासूनं कितीही समजावलं, तरी त्या दिवसांत सविताचा पाय पहिल्या पायरीवर पडत नसे. मग दुखरे गुडघे दाबत कौशामायच घागर घेऊन चढायची.

शेजारची पार्वती एकदा म्हणाली, "मावशे, देवाच्या दारात चपला?"

"कोणता देव गं? ह्यो तोटीचा? तुझ्या देवाचा फिल्टर बदलावा लागून राहिला की वरसाला!"

पार्वतीसुद्धा हसली. पण पुढच्या खेपेला चपला काढूनच चढली.

वर्षभरानं अदिती पाहणीला आली, तेव्हा कौशामायनं तिला गाठलं. "पोरी, एक नळ खाली रस्त्याला काढून दे. पाणी हक्काचं म्हणता ना? मग माणूस उभा हाय तिथं येऊ द्या की."

सगळा प्रकार ऐकून अदितीचा चेहरा उतरला. "मावशी, माझं काय चुकलं?"

"तू बूट काढलेस, अन् गावानं देव केला."

अदिती तशीच उठली आणि सगळ्यांदेखत बुटांसकट वर चढून आली. लोक म्हणाले, "पाहुणी हाय, तिला काय कळतंय."

नळ खाली काढायला संस्थेची लेखी परवानगी लागणार होती. बांधकामात परस्पर बदल केला, तर संस्थेकडून दरवर्षी होणारी दुरुस्ती बंद, असं करारात होतं. पाणी समितीचे पैसे माझ्याकडे असतात, करार मीच वाचला होता. आम्ही अर्ज पाठवला. पुढं अदितीनं ती नोकरी सोडली आणि अर्ज 'विचाराधीन' राहिला. दर दळणाला कौशामाय विचारायची, "गिरणीवाल्या, आला का रं कागुद?"

"येईल, माय."

"पाणी आलं गावात, कागुद कामून येईना?"

थंडीत ओल्या पायरीवरून घागरीसकट ती घसरली. खुबा मोडला. ती अंथरुणाला खिळल्यावर पार्वती रोज तिच्यासाठी कळशी आणू लागली, माया होतीच. पण सविताच्या त्या दिवसांत ती दारातून सांगायची, "तेवढं सविताला शिवू देऊ नका."

अशाच एका दिवशी मी पीठ पोचवायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पार्वतीची कळशी उशाशी भरलेली होती. कौशामायनं विचारलं, "सविता कोणतं पिऊन राहिली?" सवितानं कोपऱ्यातल्या हापशाच्या घागरीकडं पाहिलं. "मग मलाबी हापशाचंच दे."

मी म्हणालो, "माय, तुला बरं व्हायचंय न्हाई का?"

"एका घरात दोन पाणी न्हाई चालत, लेका."

त्या कळशीला तिनं हात लावला नाही, ती तशीच भरलेली राहिली. संक्रांतीच्या आधी कौशामाय गेली.

कागद तोवरही आला नव्हता. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी समितीतल्या चौघांना गिरणीत बोलावलं. दुरुस्ती बंद झाली तर वर्गणी काढू, असं ठरलं आणि रहीमभाई प्लंबरला निरोप धाडला. थोडा पाइप, दोन एल्बो, एक तोटी. दुपारच्या आत रस्त्याकडेला नळ सुरू झाला.

सविता चपला घालून आली. कळशी भरली. तिचे ते दिवस होते की नव्हते, कुणी विचारलं नाही. पार्वती रांगेत मागे होती. तिनं पुढं होऊन कळशीला हात लावला आणि सविताच्या डोक्यावर चढवली.

सामान आणि मजुरी मिळून नऊशे चाळीस रुपये झाले. ते मी त्याच दुपारी रहीमभाईंना रोख दिले.