लांबच्या बागेत चालायला

माझी सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर गेली. मी पी.टी.चा शिक्षक. निवृत्त झाल्यावरही पहाटेचे सूर्यनमस्कार आणि पर्वती चढून येणं चुकलं नाही. शनिवार पेठेतली कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेलेली. आता पोट सुटलेला एखादा माजी विद्यार्थी रस्त्यात भेटला, की मला बघून श्वास आत ओढून घ्यायचा. मला त्याची गंमत वाटायची.

आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तो मला.

ऑपरेशनमध्ये आतड्याचा खालचा भाग काढला. पोटाच्या डाव्या बाजूला भोक पाडून उरलेल्या आतड्याचं तोंड तिथे आणलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवली. शौच आता त्या पिशवीत, कायमचं. वारा कधी सुटेल यावर आपला ताबा नाही. चारचौघांत आवाज होतो. भेटायला येणारे हळहळायचे आणि निघताना विचारायचे, "सर, तुम्ही एवढा व्यायाम करणारे, तुम्हाला कसा हो झाला?" खालचा वाणी तर म्हणाला, "म्हणजे आम्ही केला नाही तेच बरं." मी हसलो, पण चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. जणू जन्मभर मी मुलांना खोटंच शिकवत होतो.

केमो संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता रोज चालायचं. झेपेल तेवढं."

"चाललं की परत होणार नाही?"

"तशी हमी मी देत नाही. पण चालते राहतात त्यांचं सहसा बरं असतं. तुम्हाला का सांगायला हवं?"

पेठेत मात्र पाऊल उचलेना. ज्या रस्त्यांवरून ताठ मानेने फिरलो, तिथे पोटाला हात लावून, वाकून चालायचं? म्हणून मी पहाटे रिक्षा करून येरवड्याकडच्या एका बागेत जायला लागलो. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. ढगळ जाकीट घालून, खाली बघत, कुंपणाच्या कडेने चालायचो. बायकोला बजावलं होतं, सोबत यायचं नाही. ती म्हणाली, "बरं. मी देवळात जाऊन येत जाईन."

एका सकाळी चालता चालता पिशवीची कड सुटली. शर्ट भिजला, पँट भिजली. बाकावर बसलेला एक गृहस्थ माझ्याकडे न बघता उठला आणि लांबच्या बाकावर जाऊन बसला. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं. मी एका झाडामागे गेलो आणि जाकीट पोटाशी घट्ट धरून उभा राहिलो. अशा अवस्थेत रिक्षात कोण घेणार? मला रडू फुटलं.

"अहो, इकडे या."

बायको होती. खांद्यावरच्या झोळीत माझे कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली, नवी पिशवी.

"तू इथे कशी?"

"रोजच असते. तुमच्या मागच्या रिक्षाने येते. तुम्हाला मागे वळून बघायची सवय कुठाय?"

"आणि गुडघे तुझे?"

"दुखतात की."

तिने मला पुरुषांच्या स्वच्छतागृहात नेलं. दारात आलेल्या माणसाला म्हणाली, "जरा थांबा, यांना बरं नाहीये." मग मला पुसलं, नवी पिशवी लावली, शर्टाची बटणंसुद्धा लावून दिली. मी भिंतीकडे बघत उभा होतो.

"तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. तुम्ही चोरासारखे कुंपणाला घासून चालता, त्याची वाटते."

आजाराने झालो नव्हतो तेवढा त्या क्षणी मी खजील झालो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं पेठेतच चालायला लागलो, तिच्या गुडघ्यांना झेपेल त्या गतीने. आजवरच्या तपासण्या साफ आल्या आहेत. चालण्यामुळे का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत आणि मीही आता विचारत नाही. लाज गेली म्हणाल तर नाही. ओळखीचं कोणी समोर असताना पोटातून आवाज झाला, की अजून कान तापतात. तेव्हा बायको एकदम मोठ्याने बोलायला लागते, गवार किती महागली, असलं काहीतरी. समोरचाही त्यावर बोलतो आणि मग आम्ही पुढे निघतो.