गॅरंटीत न बसलेलं पॅडल

"आता मी काय बुजवू? सगळं तर तुम्हीच बुजवून ठेवलंय!" मी जरा चढ्या आवाजात म्हणाले.

समोर सिद्रामप्पा काका उभे होते. एसटीतून रिटायर झालेले मेकॅनिक. टेबलावर त्यांच्या मुलाचं पॅडल. मी ते उचलून कानाशी हलवलं. आत पाणी चांगलंच डुचमळत होतं.

"म्हणून तर आणलंय की, अक्का. लई जड झालंय. हौदात टाकून बघितलं की बुडतंय."

माझं वर्कशॉप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. फायबरचं काम. म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे चिकट राळ, चोपडायचं, वाळलं की वस्तू तयार. कूलरच्या बॉड्या, टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या. एप्रिल-मे म्हटलं की कूलरवाले जीव खातात. अशात कुणी किरकोळ रिपेअर आणलं, तर मी सरळ हाकलून देते.

हे पॅडल हाकललं नाही. कारण सांगते. डिप्लोमा झाल्यावर मी कोकणात एका बोटयार्डात नोकरी केली. होड्यांना फायबरचे थर द्यायचे, भरतीला त्या पाण्यात सोडायच्या. मग वडील आजारी पडले आणि त्यांचं वर्कशॉप सांभाळायला मी सोलापूरला आले, ती आलेच. इथं रेझिनचा वास तोच आहे, पण दाराबाहेर पाणी नाही. मला त्या पाण्याची फार आठवण येते. कूलरच्या टाकीत कुणी होडी सोडत नाही.

तर पॅडल म्हणजे आपलं वल्हंच, फक्त उभ्यानं मारायचं. लांबलचक बोर्डात हवा भरतात, त्यावर उभं राहतात आणि पॅडलनं पाणी मागे लोटतात. खाली पातं, वरची दांडी पोकळ असते. आत हवा, म्हणून हातातून सुटलं तरी तरंगतं. दांडी दोन नळ्यांची, एकात एक सरकणारी. भोकात पिन अडकवून आपल्या उंचीप्रमाणे लांबी ठरवायची. काकांनी ती सगळी भोकं आणि नळ्यांचा सांधा पुट्टीनं गच्च भरला होता.

"सांधा कशाला भरला?"

"पाणी तितनंच गळायचं."

"अहो, तिथून ते बाहेर पडत होतं! आत शिरत होतं दुसरीकडून."

रेडिएटरला असंच करायची त्यांची सवय. गळताना दिसलं की बुजवा. मी पात्याचा भाग साबणाच्या पाण्यात धरला आणि दांडी कोमट पाण्याच्या कपड्यात गुंडाळली. आतली हवा फुगली. जिथं पातं दांडीला जोडलंय, तिथून बारीक बुडबुडे निघाले. केसाएवढी चीर होती. पाणी तिथून शिरायचं आणि सांध्यातून निघून जायचं. सांधा बंद केल्यावर ते आतच अडकलं.

"पुट्टी फोडावी लागेल," मी म्हणाले. "आतून कोरडं झाल्याशिवाय रेझिन धरत नाही."

काकांनी पॅडल माझ्या हातातून काढूनच घेतलं. "पुट्टी न्हाय फोडायची."

"मग घेऊन जा घरी. मला कूलर आहेत."

ते जाईनात. पुट्टीवरनं अंगठा फिरवत म्हणाले, "अक्का, पोरगा मल्लिनाथ गेला तवा अंगणात हुबा राहून त्यानं हे माप लावलं. हात वर करायचा, मनगटापतुर दांडी आली पायजे. मग तो गेला नेदरलँडला. घरात पोरं येत्यात, पिन काढून खेळत्यात. म्हणून मी भोकं पण भरून टाकली. तो नसताना त्याची उंची तेवढी हाय घरात."

मी चहा मागवला. मग त्यांच्यासमोर पांढऱ्या पेंटनं आतल्या नळीवर खूण केली, बाहेरच्या नळीवर केली, दोन्हीचे फोटो काढून त्यांच्या मोबाईलवर पाठवले. त्यांनी स्वतः मोजपट्टी लावून तपासलं आणि मगच ते म्हणाले, "आता फोडा."

हिरवट, कुबट पाणी निघालं. नळ्या पत्र्यावर उन्हात टाकल्या. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा. पूर्ण सुकल्यावर चीर घासून रुंद केली, त्यात रेझिन भरलं, वरून कार्बनच्या कापडाची पट्टी गुंडाळली. पात्याच्या वर दांडीत फोमचं बूच बसवलं, म्हणजे पुन्हा चीर पडली तरी पाणी वर चढणार नाही. पात्याकडचा भाग रात्रभर पिंपात दगडाखाली बुडवून ठेवला. सकाळी कानाशी हलवलं. काही नाही. शांत. बोटयार्ड सोडल्यापासून एवढं मनासारखं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मल्लिनाथ आठवड्याच्या सुट्टीवर आला. पाहुणे, बँक, अक्कलकोटचं दर्शन यात दिवस गेले. शेवटी एका सकाळी काकांचा फोन, "हिप्परग्याच्या तलावावर चाललोय. तुमी पण या की."

मी गिऱ्हाइकाबरोबर कुठं जात नाही. गेले. पोरगा बोर्डवर उभा राहिला आणि सरसर आत गेला. पाणी सपाट होतं, मागे पांढरी रेघ उठत होती. मला कोकणातल्या सकाळी आठवल्या. काका मात्र बसलेसुद्धा नाहीत. नजर पोरावर.

तो परत आला तो खूश. पॅडलचे दोन भाग सुटे करून त्यानं पिशवीत भरले.

"मॅडम, नव्यासारखं झालंय. हे मी घेऊन जातो, तिकडं बोर्ड आहे माझ्याकडं. अप्पा, हा बोर्ड विकून टाका. घरात जागा अडतीय नुसती. इथं परत कधी जमतंय कुणास ठाऊक."

काकांचा चेहरा उतरला. मग ते घाईघाईनं म्हणाले, "अरं, न्यायचं न्हाय ते. गळतंय अजून. अक्काच म्हणल्या."

मी असं काही म्हणाले नव्हते. मल्लिनाथनं पात्याची नळी पिशवीतून काढून कानाशी हलवली आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम, लीक आहे अजून?"

माझ्या हाताचं काम. पिंपात रात्रभर राहिलेलं. आपल्याच कामाला खोट लावायची म्हणजे दुकानाला कुलूप लावण्यासारखंच. काका कोरडा झालेला बोर्ड पुन्हा उपरण्यानं पुसत होते. माझ्याकडं बघत नव्हते.

"आहे," मी म्हणाले. "बारीक आहे, लगेच कळत नाही. अजून एक थर द्यावा लागेल. तुम्ही पुढच्या सुट्टीत याल तेव्हा तयार ठेवते."

"एवढा वेळ लागतो?"

"कूलरचा सीझन आहे."

त्यानं पॅडलच्या दोन्ही नळ्या अप्पांच्या हातात दिल्या. "मग बोर्ड पण राहू दे," म्हणाला. "आलो की बघू."

काकांनी दोन्ही नळ्या छातीशी धरल्या आणि गाडीकडं चालू लागले.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. काम चोख झालं म्हणून लगेच छाती फुगवून गॅरंटी देऊ नका. वस्तू कुणी आणून दिली होती, ते आठवा आणि तो काय म्हणतोय ते आधी ऐका.