निरोपाची भिंत

शाळा बंद होणार हे आम्हा पालकांना ई-मेलने कळलं आणि त्या अख्ख्या ई-मेलमध्ये ‘बंद’ हा शब्दच नव्हता. शाळेचं म्हणे ‘मर्जर’ होणार होतं. एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, दोन स्टेशनं पलीकडच्या एका मोठ्या शाळेत आमची शाळा विलीन होणार, दोन्ही शाळांचा वारसा हातात हात घालून पुढे जाणार, वगैरे. नाव मात्र त्या दुसऱ्या शाळेचं राहणार. युनिफॉर्म त्यांचा, शाळेचं गाणं त्यांचं, इमारतही त्यांचीच. आमच्याकडे लग्नात होतं तेच हे. दोन घरं एक झाली म्हणायचं आणि आडनाव एकीचंच पुसायचं. इथे मुलंच कमी जन्माला येताहेत, वर्ग भरत नाहीत, हे साधं कारण होतं. ते सरळ सांगितलं असतं तर मला इतका राग आला नसता.

तशी मी त्या शाळेची कोणी नव्हते. सेरंगूनमधली ती एक साधी सरकारी सेकंडरी स्कूल, माझी मुलगी तिथे शिकत होती, इतकंच. पण पालकसभेला गेले की मी हॉलबाहेरच्या हेरिटेज कॉर्नरमध्ये रेंगाळायचे. काचेच्या कपाटात एक पितळी घंटा होती आणि भिंतीवर जुने फोटो. पत्र्याचं छप्पर, भोवती कांपाँग, म्हणजे इथलं जुन्या काळचं खेडं, आणि चिखल लागू नये म्हणून पांढरे बूट हातात धरून शाळेत येणारी पोरं. सकाळी एक पाळी भरायची, दुपारी दुसरी. कुणाचे आईबाप डुकरं पाळणारे, कुणाचे गोदीत ओझी उचलणारे. त्या मुलांसाठी ही शाळा निघाली होती. मग पत्रे गेले, कांपाँग गेलं, चार मजली इमारत उभी राहिली आणि भोवती फ्लॅटच फ्लॅट झाले. इतकं सगळं पाहिलेल्या शाळेला निरोप द्यायचा तो ई-मेलने.

मला शाळांचं जरा जास्तच आहे. पुण्यात मी मराठी शिकवायचे. नवऱ्याला तुआसच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो आणि माझा विषय एका दिवसात कुणालाच नको असलेला झाला. इथे प्रत्येक मुलाला शाळेत ‘मदर टंग’ घ्यावी लागते. चिनी मुलांना चायनीज, मलय मुलांना मलय, भारतीयांना तमिळ. तमिळ नको असेल तर हिंदी आणि आणखी दोन-चार भाषा. त्या दोन-चारांत मराठी नाही. म्हणून माझ्या मुलीची मदर टंग हिंदी, असं तिच्या प्रगतिपुस्तकावर छापून यायचं. दर शनिवारी ती दुसऱ्या एका केंद्रात जाऊन स्वतःची मातृभाषा शिकून यायची आणि घरी आली की मला हिंदीतला लिंगविचार विचारायची. नवरा म्हणायचा, “लिपी तीच आहे ना? मार्क मिळताहेत ना? मग झालं.” माझ्या डोक्यात तिडीक जायची.

हळूहळू तिची मराठी आटत गेली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इथल्या ‘लाह’, ‘व्हॉट’ अशी शेपटं जोडलेल्या इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, हा घरचा रिवाजच झाला. एकच शब्द तिच्या तोंडात शाबूत राहिला होता. रोज सकाळी दारात बूट चढवताना ती म्हणायची, “आई, येते,” आणि मी आतून म्हणायचे, “ये.” लहानपणी एकदा तिने “जाते” म्हटलं होतं. घरातून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, माणूस परत येतं, असं मी तिला सांगितलं होतं. बाकी सगळी मराठी सांडली, पण हे तिने धरून ठेवलं होतं. मी त्या एका शब्दावर दिवस काढत होते, खोटं कशाला बोलू.

ती सेकंडरी फोरला, म्हणजे आपल्याकडच्या दहावीला होती, त्या इमारतीतली शेवटची बॅच. वर्षाअखेरीला शाळेने कॅन्टीनशेजारची लांब भिंत पांढरी रंगवली. मुलांनी आपापल्या मदर टंगमध्ये तिच्यावर निरोपाचा एकेक शब्द लिहायचा होता. भिंतीचे भाग पाडले होते. मोठे भाग चायनीज, मलय आणि तमिळचे, आणि अगदी कडेला, खांबाजवळ, हिंदीची एक चिंचोळी पट्टी.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती माझ्यापाशी स्वयंपाकघरात आली.

“आई, हाउ टू से गुडबाय इन मराठी?”

तव्यावरची पोळी तशीच राहिली. कित्येक वर्षांत तिने मला मराठीतलं काही विचारलं नव्हतं.

“तुमची तर हिंदीची पट्टी आहे ना?”

“सो व्हॉट? आय वाँट टू राइट अवर वन.”

अवर वन! मी गॅस बंद केला आणि विचार करायला लागले, तर काही सुचेना. निरोप हा शब्द आहे, पण निरोप घेताना कोणी ‘निरोप’ म्हणत नाही. अच्छा म्हणतात, पण ते आपलं नव्हे. शेवटी मी म्हटलं, “आपण येते म्हणतो.”

“बट आय ॲम नॉट कमिंग बॅक व्हॉट. स्कूल क्लोज ऑलरेडी.”

“म्हणूनच म्हणायचं. परत येणं नसलं तरी आपल्या तोंडाने जाते म्हणायचं नाही.”

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, “नाइस,” आणि कागद घेऊन ‘येते’ गिरवत बसली. तिचा ‘त’ नेहमी पोटात फुगलेला असतो. तसाच तिथेही होता.

तिने तो शब्द भिंतीवर निळ्या रंगात लिहिला. मला फोनवर फोटो पाठवला. मी तो पुण्याला पाठवला, नवऱ्याला पाठवला, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारणीलाही दाखवला.

निरोप समारंभाला पालकांना बोलावलं होतं. शाळेचे जुने विद्यार्थी आले होते, पिकल्या केसांचे. कॅन्टीनच्या बाकांवर बसून ते फिशबॉल नूडल्स खात होते आणि मध्येच डोळे पुसत होते. मी तडक भिंतीकडे गेले. खांबाजवळची पट्टी शोधली. निळं अक्षर दिसलं. ‘जाते हैं’ असं लिहिलं होतं.

‘ये’वर पांढरा रंग मारून कोणीतरी व्यवस्थित ‘जा’ काढला होता. पुढे ‘हैं’ जोडलं होतं, निळाही जुळवून आणला होता. मधला ‘ते’ तेवढा माझ्या मुलीचा होता. पोट फुगलेला.

हिंदीच्या पट्टीवर देखरेख करणाऱ्या पालकबाई शेजारीच होत्या. मी बघतेय म्हटल्यावर कौतुकाने पुढे आल्या.

“आपकी बेटी का है न, भाभीजी? बच्ची ने ग़लत लिख दिया था। येते! मैंने ठीक कर दिया।”

“ग़लत नहीं था। मराठी था।”

“अच्छा, मराठी!” त्या हसल्या. “पर ये तो हिंदी वाला हिस्सा है न। और मतलब तो वही है।”

मतलब वही! मी त्यांना समजावायला गेले, की आमच्यात याच्या बरोबर उलटं म्हणतात आणि जे कधी म्हणू नये नेमकं तेच तुम्ही तिच्या तोंडी घातलंत. राग आला की माझी हिंदी लंगडी पडते. बाई गोडीगुलाबीने मान हलवत राहिल्या. मग मी समारंभाची व्यवस्था बघणाऱ्या तरुण शिक्षिकेला गाठलं. ती चिनी, बिचारी सभ्य होती. तिने दोन्ही डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं.

“सेम रायटिंग, राइट?” ती म्हणाली. “नेव्हर माइंड लाह, आंटी. ऑल ऑल्सो मीन गुडबाय.” आणि फोटो तर आधीच निघाले होते, स्मरणिकेला गेले होते.

मी ब्रश मागून घेतला. तेवढ्यात मुलगी मैत्रिणींमधून धावत आली आणि तिने माझा दंड धरला. “आई, प्लीज. डोन्ट मेक अ सीन. इट्स ओन्ली अ वॉल लाह. दे आर गोइंग टू ब्रेक इट एनीवे.” तिचे कान लाल झाले होते. मी ब्रश ठेवला. हॉलमध्ये सगळ्यांनी शाळेचं गाणं शेवटचं म्हटलं, तीही मोठ्याने म्हणाली. मला वाटलं, हिला काहीच वाटलं नाही. रागावले मी तिच्यावर. वर्षानुवर्षं शनिवार घालवून ही अखेर त्यांचीच झाली, असं मनात आलं. परत येताना बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही.

मग परीक्षा झाल्या, सुट्टी झाली. शाळेभोवती हिरवे पत्रे लागले. फेब्रुवारीत तिचं ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी नवा युनिफॉर्म घालून ती दारात बसून बूट चढवत होती. मी स्वयंपाकघरात होते.

“आई, जाते.”

मी हात पुसत बाहेर आले. “जाते काय? येते म्हणावं.”

तिने वर पाहिलं नाही. नाडीची गाठ मारत राहिली.

“दे करेक्टेड इट, राइट?” ती म्हणाली. “यू सॉ.”

आणि बॅग उचलून ती लिफ्टकडे गेली. लिफ्टचं दार सरकलं.

“ये,” मी म्हटलं. तोवर लिफ्ट खाली गेली होती.