कान पाण्याखाली

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागे एक वाचनालय आहे आणि भिंतीला भिंत लावून एक तालीम. वाचनालयाकडे माणसं होती, जागा नव्हती. तालमीपाशी पोहण्याचा हौद होता आणि दुपारी चारला त्यात नुसतं आभाळ डुंबत असायचं. दोन्ही मंडळांनी एकदा चहा घेतला आणि ठरवून टाकलं, की बायकांनी हौदावर यावं, तालमीने पोहायला शिकवावं आणि वाचनालयाने काठावर बसून गोष्ट वाचावी. वय कितीही चालेल. ते 'वय कितीही' ऐकूनच सदुसष्टाव्या वर्षी जिजाबाई तिथे गेल्या.

हौस म्हणून नव्हे हो. पुरात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं आणि बाई दोन दिवस माळ्यावर बसून खाली स्वतःचेच डबे तरंगताना बघत राहिल्या. तेव्हापासून बादली भरतानासुद्धा छाती धडधडायची. मुलगा सलील पुण्याला. तो म्हणाला, "आई, घर विकू. इकडे ये." त्या म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांब. पाण्यावर पडून राहता आलं तर मी इथेच. नाही आलं तर तू म्हणशील तसं."

सासर पागेतलं, घोडेस्वारांचं. "आमच्यात घोड्यावरून पडलेले पुष्कळ, पाण्यात पडलेलं कुणी नाही," असं त्या पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या. तालमीतली शिकवणारी तेजश्री म्हणाली, "चालो काकी, मग आधी या बाकावर पडा. घोडाच समजा." चार दिवस कोरड्या जमिनीवर, बाकावर पालथं पडून हातपाय मारणं झालं. पुढ्यात पोहण्याचं चित्रांचं पुस्तक. पान उलटायला बाईंचा एक हात थांबायचा आणि तेजश्री म्हणायची, "बुडलात बघा, सोळाव्या पानावर."

जिजाबाईंची सगळी शाळा कानात. चाळीस वर्षं त्यांनी साड्यांना फॉल लावले. डोळे सुईवर, आणि शेजारी यजमान सुभानराव मोठ्याने वाचत बसलेले. पेपर, कादंबरी, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा. ते जाऊन आठ वर्षं झाली. आता काठावर वाचनालयाची नीरा वाचू लागली, की पाण्यातही बाईंची बोटं टाका घातल्यासारखी हलायची.

आणि तिथेच घोडं अडलं. उताणं तरंगायचं तर मान मागे टाकायला हवी, कान पाण्याखाली जायला हवेत. नीरा वाचत होती एका पोस्टमनची गोष्ट. धुक्यातून तो पत्र घेऊन चाललाय आणि गाव काही येत नाही. कान बुडाले की गोष्ट बंद. बाई मान वर काढायच्या, आणि मान वर आली की पाय तळाला.

"काकी, मान सोडा."

"सोडते गं. पण त्याला वाट सांगणारं कुणी भेटलं का?"

"नीराबेन, तुम्ही जरा गप्प बसा पाहू."

"तिला नको गप्प करूस," जिजाबाई म्हणाल्या. "ती वाचतेय म्हणून तर मी आत उतरते."

असं करता करता नवमी उजाडली. सकाळीच सलीलचा फोन, "तिकीट काढू ना?" त्या म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत दम धर."

दुपारी त्यांनी मान मागे टाकली आणि आवाज गेला. आत निराळंच काही होतं. आपलाच श्वास, लांब कुठेतरी शंख वाजावा तसा. वर कबुतरांचा थवा आवाज न करता वळला. काठावर नीराचे ओठ हलत होते. शब्द नव्हते, पण वाचणं चाललं आहे एवढं दिसत होतं, आणि तेवढं पुरलं. घर, माळा, डबे, सगळं पाठीखालून हळूहळू वाहत गेलं आणि बाई वर राहिल्या. सुभानरावही असेच कुठेतरी वाचत बसले असतील, आपले कान तेवढे बुडालेत, असं वाटून त्यांना हसू आलं. हसल्या, तरी बुडाल्या नाहीत.

किती वेळ गेला कोण जाणे. तेजश्रीने पाठीखाली हात घालून अलगद उभं केलं.

"काकी, तुमचा पोस्टमन पोचलासुद्धा."

"पोचू दे," कानातलं पाणी झटकत जिजाबाई म्हणाल्या. "नीरा, मधली पानं मला परवा पुन्हा वाच."

ओल्या हातानेच त्यांनी सलीलला फोन लावला.

"तिकीट काढलंस का? नाही ना? मग ते तुझं काढ. दिवाळीला तूच ये."