पाचव्या पावलाची हाक

मी माझं गाव, भातकुली, सोडलं त्या सकाळी बाबांनी आधी राजापेठेत नेऊन मला बॅग घेऊन दिली. बाबा भाजी पिकवणारे आणि अमरावतीच्या बाजारात स्वतः बसून विकणारे. भाव करणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दुकानदार अडून बसला तसे ते उठले आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. "मांगं पाहू नको. चार पावलं चालाचं, पाचव्याले तो बलावतेच." पाचव्या पावलाला "या काका, या" अशी हाक आलीच. बॅग आमच्या भावात मिळाली.

दुपारी बडनेऱ्याच्या फलाटावर तीच बॅग ओढत मी डब्याकडे निघाले. बाबा मागे उभे होते, त्यांनी हाक मारली नाही. निघालेल्या माणसाला मागून टोकू नये म्हणून असेल, असं मी धरून चालले.

त्याला अकरा वर्षं झाली. तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं इकडे येऊन पडलेल्यांनो, डॅलसमध्ये माझं बरं चाललंय, पण बूड एका जागी टेकत नाही. घरं बदलते, नोकऱ्या बदलते. यंदा बाबा पहिल्यांदाच येणार, म्हणून मला भारीतली गाडी हवी होती. विकत नव्हे, तीन वर्षांच्या लीजवर. आपल्याकडे दुसऱ्याचं वावर मक्त्यानं करतात ना, तसंच. वापरा, पैसे भरा, मुदत संपली की परत द्या. बाबांना फोनवर मात्र "गाडी घेतली" एवढंच सांगून बसले होते, तेही घ्यायच्या आधी.

शोरूममधला सेल्समन गोड बोलायचा. डिस्काउंट त्यानं हसत दिलं. मग कागद आला. त्यावर डॉक्युमेंटची फी, लीज सुरू करायची फी आणि मी मागितलंच नव्हतं ते रंग टिकवायचं पॅकेज. या हातानं दिलं, त्या हातानं काढून घेतलं! माझं डोकं फिरलं. मी उठले. चार पावलं. पाचवं. दहावं. दार आपोआप उघडलं आणि मी पार्किंगमध्ये. जुन्या गाडीत बसून वीस मिनिटं आरशात ते दार बघत होते. कुणीही आलं नाही, आणि परवा बाबा यायचे होते. शेवटी मीच आत गेले. "काही विसरलात का?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. पॅकेज तेवढं रद्द करून घेतलं, बाकी सगळी फी निमूट भरली.

विमानतळावरून येताना बाबा सीटवर हात फिरवत म्हणाले, "कितीत पाडली?" खोटं बोलवेना. लीजपासून सगळं सांगितलं.

"मंग मक्त्याची हाय. काहून लाजून राह्यली? म्या बारा वर्सं मक्त्यानंच वावर वाह्यलं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पन त्यानं बलावलंच नाही तुले?"

"नाही."

"कितीक वाट पाह्यली?"

"वीस मिनिटं."

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बडनेऱ्याले म्याबी नाही बलावलं. टोकू नये म्हनून नाही, माय. बलावलं असतं त तू वापस आली असती."

मला भयंकर राग आला. आलेच असते! त्या फलाटावर मी मुद्दाम हळू चालत होते. डोळे पुसत गाडी चालवली.

दीड महिन्यानं बाबा परत निघाले. विमानतळावर तपासणीच्या रांगेकडे ते चालू लागले, हातात मी भरून दिलेली राजापेठेतली तीच बॅग. मी पावलं मोजली. टोकू नये हे ठाऊक असून पाचव्याला हाक मारलीच. "बाबा!"

ते तत्क्षणी वळले आणि सरळ परत आले. "काय राह्यलं?"

राहिलं काहीच नव्हतं. घर म्हणजे आता माझ्या लेखी एवढंच: जो हाकेसरशी आधी वळतो आणि कशाला बोलावलं ते मग विचारतो, तो माणूस. बाबा पुन्हा निघाले तेव्हा मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. या वेळी ते हळू चालत होते.